सांबऱ्याहून जाफन्याला : छोट्या खासगी विमानातून परदेश-सहलीची आखणी

बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरून प्रशिक्षणाची छोटी विमाने उडू लागल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या घरांमधून विमान चालवण्याच्या गोष्टी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतात. खासगी वैमानिकाचा परवाना हातात पडला आणि हिडकल धरणावरून, राजहंसगडावरून चार फेऱ्या झाल्या की पुढचा प्रश्न हमखास येतो : हेच विमान घेऊन परदेशात फिरायला जाता येईल का? जाता येते. मात्र त्याची तयारी प्रवासाच्या तीन-चार महिने आधी सुरू करावी लागते आणि ती बहुतेक घरच्या टेबलावरच होते. नवा माणूस आधी प्रेक्षणीय स्थळे ठरवतो आणि मग तिथे पोहोचायचे कसे ते शोधतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. इंधन कुठे मिळते आणि देशाबाहेर पडण्याची सोय कोणत्या विमानतळावर आहे, या दोन गोष्टी मार्ग ठरवतात. स्थळे त्या मार्गावर शोधावीत.

एकच सलग उदाहरण डोळ्यांसमोर असले तर गणित लवकर समजते, म्हणून पुढचे विवेचन मी सांबरा ते श्रीलंकेतील जाफना या सहलीभोवती ठेवले आहे. विमान चार आसनी, एका पिस्टन इंजिनाचे, सेस्ना १७२ एस जातीचे धरले आहे.

पहिले ठिकाण कोणते निवडावे

बेळगावकराला परदेश म्हटले की मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका ही तीन नावे सुचतात. तिरुवनंतपुरमहून मालदीवची राजधानी माले सुमारे सव्वातीनशे नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) आहे आणि त्यातला जवळजवळ सगळा प्रवास उघड्या समुद्रावरून आहे. शिवाय भारताच्या नियमांनुसार नियंत्रित हवाई क्षेत्रात बाहेर नजरेने पाहत उडण्याच्या दृश्य-नियमांनी म्हणजे व्हीएफआरने जाताना किनाऱ्यापासून १०० नॉटिकल मैलांपलीकडे जाता येत नाही, त्यामुळे इन्स्ट्रुमेंट रेटिंगशिवाय, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेशिवाय, तो मार्ग बंदच समजावा. काठमांडू सांबऱ्याहून सव्वानऊशे नॉटिकल मैलांवर आहे. तिथला विमानतळ सुमारे ४,४०० फूट उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे. ही दोन्ही ठिकाणे अनुभवी वैमानिकांसाठी राखून ठेवावीत. श्रीलंकेत उतरण्यासाठी मात्र समुद्राचा पट्टा थोडा आहे, घड्याळ आपल्याच वेळेवर आहे आणि जाफना, रत्मलाना, कटुनायके व मत्तल असे विमानतळ बेटाच्या वेगवेगळ्या भागांत आहेत. जाफन्याच्या पलाली विमानतळावरून २०१९ पासून भारताशी आंतरराष्ट्रीय उड्डाणे सुरू झाली आणि चेन्नईहून एटीआर जातीची मोठी प्रवासी विमाने तिथे येऊ लागली, म्हणजे धावपट्टी आपल्या विमानाला पुरून उरणारी आहे.

आपले विमान न्यावे की तिथले भाड्याने घ्यावे

स्वतःचे किंवा क्लबचे विमान हाताशी नसेल तर परदेशात विमान भाड्याने घेऊन फिरणे हा अगदी मानाचा मार्ग आहे आणि बहुतेक नव्या वैमानिकांना मी तोच आधी सुचवतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार वैमानिकाचा परवाना विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. म्हणून अमेरिकेत नोंदलेले विमान चालवायचे तर भारतीय परवान्याच्या आधारावर तिथल्या हवाई प्रशासनाकडून खासगी वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी आपला परवाना खरा असल्याची पडताळणी भारतातून होऊन तिकडे पोहोचावी लागते, तिथल्या अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष जावे लागते आणि मग प्रशिक्षकाबरोबर किमान एक तास जमिनीवर व एक तास हवेत उजळणी करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतही परवाना तात्पुरता मान्य करून घेऊन अभयारण्यांच्या धावपट्ट्यांवर स्वतः विमान नेणारे पर्यटक पुष्कळ आहेत. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तिकिटे काढण्याआधी हे काम मार्गी लावावे.

आपलेच व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणीचे विमान न्यायचे असेल तर परवाना, मुदतीतली वैद्यकीय तपासणी, रेडिओ परवाना आणि इंग्रजी भाषा-प्रावीण्याची किमान चौथी श्रेणी या गोष्टी आधी तपासाव्यात. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि रेडिओवर इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना भाषेची भीती नसते, पण तमिळ किंवा सिंहली वळणाचे इंग्रजी हेडफोनमधून पहिल्यांदा ऐकताना गोंधळ उडतो. समजले नाही तर ‘से अगेन’ म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागते : खासगी परवान्यावर प्रवाशांकडून पैसे घेऊन त्यांना नेता येत नाही. मित्रांनी मिळून सहल काढायची असेल तर खर्चाची वाटणी नियमात कशी बसते हे आधी विचारून घ्यावे.

देशाबाहेर पडण्याचा विमानतळ

निपाणीहून कोल्हापूरला किंवा खानापूरहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला जाताना आपण राज्याची हद्द सहज ओलांडतो. देशाची हद्द विमानाने ओलांडताना मात्र शेवटचे उड्डाण अशाच विमानतळावरून करावे लागते, जिथे सीमाशुल्क आणि इमिग्रेशन या दोन्हींची सोय आहे. सांबऱ्याला ती नाही. सर्वांत जवळचे पर्याय म्हणजे गोव्याचे दाबोळी आणि मोपा. दाबोळी तर जेमतेम ५४ नॉटिकल मैलांवर आहे. पण श्रीलंकेसाठी ती दिशा उलटी पडते, वाटेत सह्याद्रीच्या माथ्यावरचे ढग आडवे येतात आणि पुढे लांबचा किनारा उरतो. म्हणून तिरुचिरापल्ली हा विमानतळ मला सोयीचा वाटतो.

सांबरा ते तिरुचिरापल्ली सरळ अंतर सुमारे ३९० नॉटिकल मैल आहे. ११० नॉटच्या म्हणजे ताशी ११० नॉटिकल मैलांच्या वेगाने साडेतीन तासांहून थोडे जास्त लागतात. टाक्या पूर्ण भरल्या तर विमान तेवढे जाते. मागे बसलेली माणसे तेवढा वेळ धीर धरतातच असे नाही. मैसूरला थांबा घेतला तर पहिला टप्पा सुमारे २५० आणि दुसरा दीडशे नॉटिकल मैलांचा होतो आणि एकूण अंतर अवघे आठ-दहा मैलांनी वाढते. अर्ध्या तासाच्या विश्रांतीसाठी ही किंमत फारच थोडी आहे. दुसऱ्या टप्प्यात बिळिगिरिरंगन डोंगर आडवे येतात, त्यांची शिखरे १,८०० मीटरपर्यंत म्हणजे ५,९०० फुटांच्या आसपास जातात. पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळातल्या दिशांना व्हीएफआरने उडताना विषम हजार अधिक पाचशे फूट ही उंची घ्यावी लागते, म्हणून तिथे ७,५०० किंवा शक्यतो ९,५०० फूट असा आराखडा ठेवावा.

इंधनाचे उत्तर लेखी घ्यावे

सहली जिथे फसतात ती जागा ही, म्हणून इथे थोडे थांबू. पिस्टन इंजिनाला अ‍ॅव्हगॅस १०० एलएल हे खास विमानाचे पेट्रोल लागते. मोठ्या विमानांचे जेट ए-१ सगळीकडे मिळते, अ‍ॅव्हगॅस मात्र मोजक्या ठिकाणीच असते. आपल्या देशात ते वर्षानुवर्षे बाहेरून यायचे; २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने स्वदेशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणले, तेव्हापासून परिस्थिती सुधारू लागली. ज्यांचे विमान डिझेल जातीच्या, जेट ए-१ वर चालणाऱ्या इंजिनाचे आहे, त्यांची ही चिंता जवळजवळ संपते, आणि परदेश-सहलीसाठी विमान निवडण्याची संधी असेल तर हा मुद्दा वेगापेक्षा महत्त्वाचा मानावा.

एकदा एका विमानतळावरच्या माणसाने मला फोनवर ‘इंधन मिळेल, या तुम्ही’ असे सांगितले. मी पोहोचलो तेव्हा पिंप रिकामे होते आणि नवे यायला दोन दिवस लागले. तेव्हापासून मी प्रत्येक थांब्याला ई-मेल करून चार गोष्टी विचारतो : आज साठा किती लिटर आहे, माझ्या तारखेला किती राखून ठेवाल, पैसे कोणत्या चलनात आणि कसे घ्याल, पंपावर माणूस किती ते किती वाजेपर्यंत असतो. उत्तराची छापील प्रत विमानात ठेवतो. जाफन्याला अ‍ॅव्हगॅस मिळेल असे गृहीत धरू नये. तिरुचिरापल्लीहून जाऊन परत येण्याइतके इंधन टाकीत असेल अशी आखणी करावी. जाऊन-येऊन सुमारे दोनशे नॉटिकल मैलांना ७० ते ७५ लिटर लागतात, त्यामुळे हे सहज जमते.

भरलेले इंधन स्वतः तपासावे. पारदर्शक नळीत टाकीच्या तळाचे थोडे अ‍ॅव्हगॅस काढले की ते फिकट निळे दिसते. डिसेंबरातल्या सांबऱ्याच्या थंड सकाळी, रात्रभर अर्धी टाकी ठेवलेल्या विमानातून काढलेल्या त्या निळ्या द्रवाच्या तळाशी कधीकधी एक रंगहीन थेंब स्वतंत्रपणे लोळताना दिसतो. ते पाणी असते. नळी आकाशाकडे धरून पाहावी, पाणी दिसत नाही तोवर पुन्हा पुन्हा काढावे, आणि रंग निळा नसून पिवळसर असेल तर इंजिन सुरूच करू नये, कारण टाकीत जेट ए-१ मिसळले गेले असण्याची शक्यता असते.

वजन आणि उन्हाळ्याचे ऊन

१७२ एस विमानाचे कमाल उड्डाण-वजन १,१५७ किलो आहे. रिकामे विमान ७७० किलोच्या आसपास धरले तर ३८७ किलो उरतात. वापरता येणारे इंधन सुमारे २०० लिटर असते, दर लिटरला ०.७२ किलोप्रमाणे त्याचे १४४ किलो झाले. उरलेल्या २४३ किलोंत ७५ किलोंची तीन माणसे बसली की १८ किलो शिल्लक राहतात, त्यातच तराफा, लाइफ जॅकेट आणि सामान बसवायचे. म्हणजे चार आसने असली तरी टाक्या भरून जाणारी ही सहल दोघांची, फार तर तिघांची आहे. पाहुण्यांसाठी कुंदा न्यायचा असला तरी तोही वजनकाट्यावर ठेवावा. प्रत्यक्ष आकडे आपल्या विमानाच्या वजनपत्रातूनच घ्यावेत.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर असताना तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,६०० फुटांवर असल्यासारखे वाटते. यालाच घनता-उंची म्हणतात. २,३०० मीटरची धावपट्टी लांब असल्याने धाव पुरते, पण नंतर विमान चढते हळू, आणि हे पहिल्यांदा अनुभवणारा वैमानिक नाक वर ओढण्याची चूक करतो. सकाळी साडेसहा-सातला निघावे, म्हणजे हा प्रश्नच निर्माण होत नाही.

समुद्राचा पट्टा

तिरुचिरापल्लीहून पलालीपर्यंत सरळ रेषा आखली तर सुमारे १०० नॉटिकल मैल होतात आणि त्यातले जवळजवळ निम्मे पाण्यावरून तिरके जातात. नकाशावर जरा बोट फिरवून पाहावे. आधी जमिनीवरूनच तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोडियाक्कराईच्या टोकापर्यंत जाऊन तिथून दक्षिणेला वळले तर एकूण अंतर थोडेच वाढते, पण पाण्याचा पट्टा तीस मैलांवर येतो. इंजिन बंद पडले तर हे विमान वारा नसताना दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जाते. ९,५०० फुटांवर असताना सव्वाचौदा मैल मिळतात. दोन्ही किनाऱ्यांचे मिळून साडेअठ्ठावीस. तीस मैलांच्या पट्ट्यात एखादा मिनिटच असा उरतो, जिथून कोणताच किनारा गाठता येणार नाही. परतताना पश्चिमेकडच्या दिशांसाठी सम हजार अधिक पाचशे हा नियम लागतो. विमान हलके असल्याने १०,५०० फूट घेता आले तर तेवढाही वेळ उरत नाही. अर्थात प्रत्यक्ष मार्ग आणि उंची हवाई वाहतूक नियंत्रक देतील तीच असते, पण कोडियाक्कराईवरून जाण्याची विनंती फ्लाइट प्लॅनमध्ये करायला काहीच हरकत नाही.

एवढे असूनही लाइफ जॅकेट अंगात घालूनच समुद्रावर जावे. आसनामागे ठेवलेले जॅकेट अरुंद केबिनमध्ये ऐनवेळी घालता येत नाही. ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचे, हे प्रवाशांना प्रत्यक्ष करून दाखवावे. ४०६ मेगाहर्ट्‌झचा आपत्कालीन बीकन नोंदणी केलेला हवा. त्याचा संदेश उपग्रहामार्गे आपल्याकडे बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोहोचतो. मात्र परदेशी संकेतस्थळांवर सर्रास सुचवले जाणारे उपग्रह-फोन आणि उपग्रहावरून निरोप धाडणारी खिशातली यंत्रे भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. त्यापायी विमानतळांवर लोकांना अटक झालेली आहे, त्यामुळे ती मागवूच नयेत.

परवानग्या आणि फ्लाइट प्लॅन

श्रीलंकेच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडून उतरण्याची परवानगी, जाफना विमानतळाची पूर्वसूचना, भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे म्हणजे डीजीसीएचे त्या वेळी लागू असलेले नियम, सीमाशुल्क खात्याकडे विमान तात्पुरते बाहेर नेऊन परत आणण्याची नोंद आणि प्रत्येकाचा व्हिसा किंवा ई-परवाना, अशी ही साखळी आहे. पहिल्या सहलीला दोन्ही बाजूंना हँडलिंग एजंट म्हणजे विमानतळावरची कामे करून देणारा माणूस नेमावा असे मी आग्रहाने सांगेन. त्याची फी जड वाटते, पण तिरुचिरापल्लीच्या मोठ्या टर्मिनलमध्ये जनरल डिक्लरेशनच्या म्हणजे विमान व प्रवाशांच्या घोषणापत्राच्या प्रती हातात घेऊन कोणत्या खिडकीशी जायचे, हे त्याला माहीत असते. विम्याच्या पॉलिसीत श्रीलंकेची हद्द लेखी वाढवून घ्यावी.

विमानात नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, वैमानिकाचे परवाने, जर्नी लॉगबुक म्हणजे उड्डाणांची नोंदवही, रेडिओ परवाना आणि प्रवाशांची नावे व ठिकाणे दाखवणारी यादी असावीच लागते. शिकागो कराराच्या एकोणतिसाव्या कलमात ही सगळी कागदपत्रे सांगितलेली आहेत. विमान दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर मालकाचे अधिकारपत्रही जोडावे.

फ्लाइट प्लॅन भरताना वेळा जागतिक वेळेत लिहायच्या असतात : सकाळचे साडेसहा म्हणजे ०१००. श्रीलंकेच्या परवानगीचा क्रमांक अठराव्या रकान्यात लिहावा. एकोणिसाव्या रकान्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तिथे किती तास पुरेल इतके इंधन आहे, माणसे किती, जॅकेट किती, तराफ्याचा आणि विमानाचा रंग कोणता हे लिहायचे असते आणि शोध घेणारे लोक नेमका तोच रकाना वाचतात. भारतातल्या टप्प्यांसाठी आणि हद्द ओलांडताना हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक व उड्डाण-माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक लागतात. ते गुडघ्यावरच्या पाटीवर ठळक लिहून ठेवावेत आणि निघायला उशीर झाला तर अजून चालतील का, हे पुन्हा विचारावे.

हंगाम

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आंबोलीपासून दूधसागरापर्यंत ढग जमिनीला टेकलेले असतात, तेव्हा काही ठरवू नये. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडू आणि उत्तर श्रीलंकेवर असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वळीव येतो. उरतो जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ, आणि तोच सर्वांत चांगला. व्हीएफआर उड्डाण सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी थांबलेच पाहिजे, म्हणून शेवटचे उतरणे दुपारी चारच्या आत ठेवावे आणि सहलीच्या वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवावेत. सोमवारी कामावर हजर व्हायचेच आहे, या घाईने माणसे ढगात शिरली आहेत. विमान तिथेच बांधून ठेवून बसने, आगगाडीने किंवा एअरलाइनच्या तिकिटाने घरी येण्याइतके पैसे बाजूला काढून ठेवले तर हवामानाचा निर्णय शांतपणे घेता येतो.

परतीचा टप्पा

परतताना भारतात पहिले उतरणे पुन्हा सीमाशुल्काच्या विमानतळावरच करावे लागते. जाफन्याहून थेट मैसूरला किंवा सांबऱ्याला येता येत नाही. निघण्यापूर्वी सांबऱ्याच्या नियंत्रण कक्षाचे त्या दिवसाचे कामाचे तास नोटॅममध्ये म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनापत्रात पाहावेत. उतरल्यावर फ्लाइट प्लॅन बंद झाला याची खात्री टॉवरकडून करून घ्यावी, जर्नी लॉगबुकात प्रत्येक टप्प्याची नोंद त्याच संध्याकाळी करावी आणि कस्टम्सचे शिक्के असलेले कागद, इंधनाच्या पावत्या व एजंटांची ई-मेल पत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवावीत. पुढच्या वर्षी रत्मलानाला जाताना तीच फाइल उघडायची आहे.